एलीयाजवळ कोण होतं?

किरिस्ताव माणसाला तोंडावर 'न्हाई' म्हणायचं जिवावर आलं, की तो म्हणतो, "आपण प्रार्थनेत ठेवू." मुलीला आलेलं स्थळ पसंत नसलं, प्रार्थनेत ठेवू. पाळकसाहेब म्हणाले पोराला बोर्डिंगात धाडा, प्रार्थनेत ठेवू. ऐकणाऱ्याला कळतं, बोलणाऱ्यालाही कळतं, कुणाचं मन मोडत नाही आणि विषय तिथंच मिटतो. टेंभुर्णवाडीच्या नागुबाईला ह्या रीतीचा भारी राग. "देवाला काय कोनाडा समजलात का रं, नको ते नेऊन ठिवायला?" असं भर मंडळीत बोललेली ती बाई. आणि त्या उन्हाळ्यात नेमकं तेच वाक्य तिच्याच तोंडून निघालं.

झालं असं, की तिच्या सुनेचा भाऊ दावीद लातुराहून आला. लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेऱ्या निघाल्या, त्यातल्या एकीत दावीद शिपाई लागलेला. अंगात खाकी सदरा, पायात बूट आणि दर वाक्याला 'आमच्या लातूरला'. घरात सासू-सून दोघीच. नागुबाईचा एकुलता एक शमुवेल कावीळ होऊन गेला त्याला दोन वर्षं झाली होती, आणि सून सिंधु हिच्या पदरात लेकरू नव्हतं.

"मावशी, जिल्ह्याला नर्सबायांचं ट्रेनिंग निघालंय," दावीद म्हणाला. "दहावी पास पाहिजे, आन विधवा बाईला आधी घेऊन राहिलेत. राहणं-खाणं तिथंच. तिथल्या मोठ्या बाईला मी सिंधुचं सांगून ठिवलंय. ईस्टरच्या आधी हजर व्हावं लागतंय, बस्स."

सिंधु चुलीपुढं भाकरी थापत होती. तिची थाप थांबली. नागुबाईचे डोळे अधू, पण कान तिखट. थाप थांबलेली तिला ऐकू आली, आणि का थांबली तेही समजलं. तरी ती म्हणाली, "प्रार्थनेत ठिवू, दावीद."

दावीदनं बहिणीकडं बघितलं. सिंधुनं तव्यावरची भाकर उलटली. बिनदुधाचा चहा पिऊन तो गुमान दुपारच्या गाडीनं परत गेला.

आता, नागुबाई काय सुनेच्या वाइटावर होती? छे हो! सिंधुवर तिचा लेकीहून जास्त जीव. पण तिला भ्या वाटलं. घागर कोण आणील, चूल कोण पेटवील, ह्याचं तिला काही नव्हतं. सिंधु गेली तर शास्त्र, म्हणजे बायबल, कोण वाचून दाखवणार, हे ते भ्या होतं.

नागुबाईला अक्षर येत नव्हतं. ती नवी नवरी होती तेव्हा उदगीरकडची दानम्मा गावोगाव फिरत यायची. दानम्मा बायबलबाई होती, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र शिकवणारी. अर्धी कानडी, अर्धी मराठी आणि पुरती हट्टी. तिनं नागुबाईला पाटीवर गिरवायला लावलं, ओरडली, चापट्या दिल्या, पण अक्षर काही बसेना. शेवटी पाटी बाजूला सारून म्हणाली, "बिडु, बिडु! राहू दे. तुला डोळ्यानं न्हाई, कानानं शिकवते."

आणि शिकवलं की. दिवस उजाडता थोडंसंच वाचायचं, दोन-चार ओळी. तेच तीनदा. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा कुठं टोचतंय ते बघायचं, तिसऱ्यांदा ते टोचलेलं धरून ठेवायचं. मग पुस्तक मिटून गप बसायचं. "देवासमोर बडबड लई झाली तुमची," दानम्मा म्हणायची, "त्याला बी कवा बोलू द्या की गं." गप बसून जे कळेल ते त्याच दिवशी करायचं, उद्यावर टाकायचं नाही. आणि वर एक ताकीद होती, "गोड लागलं ते सगळ्यांचं. टोचलं ते तुझं."

तेव्हापासून नागुबाईची एक सकाळ चुकली नव्हती. आधी नवऱ्यानं वाचलं, मग लेकानं, लेकामागं सुनेनं. शमुवेल गेला त्या आठवड्यात सासू-सुनेनं एकमेकींशी शब्द काढला नाही. पण दिवस उजाडता सिंधुनं पुस्तक उघडलं, तीनदा वाचलं आणि दोघी भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसल्या. तेवढ्यावर दोघी तरल्या. असली सोबत सोडायची म्हणजे काय, हे नागुबाईलाच ठाऊक.

त्यात ते दुष्काळाचं साल. पाऊस दोन नक्षत्रं भुरभुरला तो गेलाच. विहिरीत गाळ आणि बेडकं. टँकर एक दिवसाआड यायचा आणि तो हापशापाशी उभा राहिला की पाटलाच्या वाड्यापासून किरिस्ताव गल्लीपर्यंत सगळा गाव घागरी घेऊन पळायचा. सिंधु रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. तळहाताला फोड आलेले, म्हणून शास्त्राचं पान ती करंगळीनं उलटायची. पान नीट उलटत नाही हे नागुबाईला नुसत्या आवाजावरून कळायचं. कळायचं आणि ती न कळल्यागत करायची.

गल्लीला लागूनच बौद्धवाडा. तिथली केवळाबाई नागुबाईची जन्माची मैत्रीण. देवाबिवावर तिचा विश्वास नाही, पण रोज पाण्याला आली की विचारणार, "काय म्हणाला गं आज तुझा देव?" नागुबाई सांगायची, केवळाबाई त्यावर दोन शेरे मारायची, आणि दोघींचा दिवस बरा जायचा. त्या आठवड्यात तिनं वेगळंच विचारलं.

"सिंधुचा भाऊ येऊन गेला म्हणं. धाडतीस न्हवं पोरीला?"

"प्रार्थनेत ठिवलंय."

"अगं बाई! मग बसली का पोरगी हितंच!" केवळाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं शेजार केल्यावर किरिस्तावांची भाषा तिला चांगली कळत होती. "माझी लेक असती तर हाताला धरून गाडीत बसवली असती मी तिला. खडी फोडून राहिली ती, नागे. दहावी शिकलेली पोरगी."

नागुबाईला असा राग आला की केवळाबाईशी ती दोन दिवस बोलली नाही. खरं बोलणाऱ्या माणसाचा जास्तच राग येतो तिला.

आणि खरं सांगायचं तर तिनं ते प्रार्थनेत ठेवलंच नव्हतं. सकाळी गप बसल्यावर दावीदचं बोलणं मनात वर यायला लागलं, की ही बाई लगबगीनं दुसरीकडं वळायची. पावसासाठी मागायची, पाळकांच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी मागायची, रुसवा धरलेला असतानाही केवळाबाईच्या गाभण शेळीसाठी मागायची. सिंधुचं नाव तेवढं वगळून सगळ्या गावाचं देवापुढं मांडून व्हायचं.

झावळ्यांचा रविवार जवळ आला. त्यानंतर आठ दिवसांनी ईस्टर. दुष्काळ म्हणून नागुबाईनं एलीया संदेष्ट्याची गोष्ट मागून घेतली होती. सिंधु थोडी थोडी वाचून राहिली होती. देशात पाऊस पडत नाही. देव एलीयाला सांगतो, करीथ ओढ्याकाठी जाऊन लपून राहा, कावळे तुला भाकरी आणून देतील. तो राहतो. कावळे भाकरी आणतात. मग एक दिवस ओढाही आटतो. त्या सकाळी वाचन इथवर आलं आणि सिंधुचा आवाज थांबला. पान उलटल्याचं ऐकू आलं नाही. मग आवाज पुन्हा सुरू झाला, जरा वरच्या पट्टीत.

"तेव्हा परमेश्वर त्याला म्हणाला, ओढा आटला आहे. तर तुझ्याजवळ जी बाई आहे, तिला धरून ठेवू नकोस. तिला जाऊ दे, म्हणजे ती जगेल."

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा 'जाऊ दे'चं 'सोडून दे' झालं. तिसऱ्यांदा वाचलंच नाही. पुस्तक पटकन मिटलं आणि "पाण्याला जाते, आत्या," म्हणून सिंधु घागर उचलून बाहेर पडली. त्या दिवशी टँकरचा वार नव्हता.

नागुबाई भिंतीला टेकून तशीच राहिली. बाई? कोणती बाई? करीथ ओढ्याकाठी बाई कुठून आली? तिथं एलीया होता, ओढा होता आणि कावळे होते. चाळीस वर्षं ऐकत आली होती ती. बाई पुढच्या गावात भेटते, सारफथला, वेशीपाशी काटक्या गोळा करताना. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, आणि ध्यानात आलं तसं डोकंच फिरलं. ह्या पोरीनं देवाच्या तोंडात स्वतःची वाक्यं घातली! शमुवेलनं लहानपणी असलं केलं असतं, तर त्याच्या कानाखाली आवाज निघाला असता.

दिवसभर ती उंबऱ्यात बसून शब्द जुळवत राहिली. सिंधु आली की काय काय सुनवायचं, ते सगळं तयार होतं. दिवस मावळता सिंधु आली. खडीच्या धुळीनं तोंड पांढरं झालेलं. तिनं तांब्याभर पाणी घेतलं, अर्ध्यानं तोंड धुतलं, उरलेलं सासूपुढं ठेवलं, "तुम्ही प्या आधी." जुळवलेल्या शब्दांतला एकही नागुबाईच्या तोंडून निघेना. ती पाणी प्याली आणि अंथरुणाला पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी उजाडता सिंधुनं पुस्तक उघडलं, तशी नागुबाई म्हणाली, "आज नवं नको वाचू. कालचंच धरून बसू."

पुस्तक हळूच मिटल्याचं तिला ऐकू आलं. दोघी भिंतीला टेकून बसल्या. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

नागुबाईनं देवाशी भांडूनच सुरुवात केली. हे तुझं न्हाई, ठाव हाय मला. पोरीनं मनानं जोडलंय. मग माझ्या काळजात काहून टोचून राहिलंय? दानम्मा म्हणायची टोचलं ते तुझं, पण ते शास्त्राचं. हे शास्त्र न्हाई. हे मी का म्हणून धरू? अशी बरीच हुज्जत झाली. देव काही बोलला नाही. बोलणं संपलं तेव्हा तिला वाटलं, खोट्याचा हिशेब नंतर. आधी खरं काय आहे ते तर आठवावं.

ओढा आटल्यावर खरोखर काय म्हटलंय? ते तिला तोंडपाठ होतं. ऊठ, सारफथला जा.

ऊठ. जा.

चाळीस वर्षांत ही ओळ तिला कधी टोचली नव्हती. सरकारी माणसाची बदली होते तशी संदेष्ट्याची झाली, एवढंच तिनं धरलं होतं. आज पहिल्यांदा तिला दिसलं, की जो ओढा देवानंच दाखवला होता, त्याच्या काठावरून देवानंच उठवलं. पुढं सारफथची ती विधवा. घरात मूठभर पीठ. ते भाजून, लेकाबरोबर खाऊन मरायचं, इतकंच तिच्या हाती राहिलेलं. आणि एलीया म्हणतो, त्यातली भाकर आधी मला दे. तिनं दिली, आणि मडक्यातलं पीठ सरलं नाही. ते पीठ न सरलेलं नागुबाईला फार गोड लागायचं. दर वेळी ती तिथंच जाऊन बसायची. त्या सकाळी मात्र ती त्या बाईच्या मुठीपाशी अडली. पीठ सरणार नाही, हे भाकर देऊन टाकताना त्या बाईला कुठं कळत होतं? एलीयाच्या शब्दाबिगर तिच्याजवळ काय होतं? मूठ तर आधीच उघडावी लागली.

नागुबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. देवा, माझी मूठ एवढीच हाय रं, ती मनात म्हणाली. नवरा गेला, लेक गेला. एवढीच हाय. आणि अखेरीला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिनं सिंधुचं नाव देवापुढं घेतलं. नाव घेतल्यावर मागायला काही राहिलं नाही. आतलं सगळं निवलं. ती बराच वेळ तशीच बसली, आणि बसणं बरं वाटलं.

मग ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "सिंधे, पेटी काढ."

"कसली पेटी, आत्या?"

"शमुवेलची. पत्र्याची. लुगडी भर त्यात. उद्याच्या गाडीनं लातूरला जायचंय तुला."

"आन तुम्हाला वाचून कोण—"

"माझं मी बघून घेईन! तू तुझं बघ." हे ती खेकसूनच बोलली. हळू बोलली असती तर रडू फुटलं असतं.

केवळाबाईला निरोप गेला तशी ती धावतच आली. रुसवा कुणाचा होता, हे दोघीही विसरून गेल्या. "पाणी माझी सून आणून देईल," केवळाबाई म्हणाली. "तू माझ्या नातीला सांभाळ दिवसभर. फुकट न्हाई करीत कोणी, समजलीस?" मग सिंधुच्या पाठीवरून हात फिरवत तिनं विचारलं, "कुणी डोकं ठिकाणावर आणलं गं हिचं?" सिंधु मान खाली घालून पेटी भरत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिघी फाट्यावर आल्या. नांदेडहून अहमदपूरवरून लातूरला जाणारी गाडी तिथं थांबते. रस्त्याकडेला एक बाभळ आणि तिच्याखाली मैलाचा दगड. केवळाबाई गाडीला हात दाखवायला पुढं जाऊन उभी राहिली. पेटी सिंधुला वाटभर जड लागली होती, ती तिनं खाली ठेवली. तिनं झाकण उघडून बघितलं. लुगड्यांच्या वर, नागुबाईच्या जुन्या धडप्यात गुंडाळलेलं शास्त्र होतं.

"आत्या, हे कशाला? हे तुमचं हाय."

"मला कुठं वाचता येतंय? घरात राहून उंदरं खातील. ने."

इतका वेळ दाबून धरलेलं सिंधुच्या अंगावर एकदम कोसळलं. ती तिथंच धुळीत सासूच्या पायांशी बसली. "आत्या, मी न्हाई जात. मी लई मोठं पाप केलंय. ते एलीयाचं... पुस्तकात तसं न्हाई. मी मनानं जोडलं. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठिवून मला धाडून राहिलात. देवाच्या नावानं खोटं बोलून मी कशी जाऊ?"

तिनं पेटीची कडी धरली आणि घराकडं तोंड केलं. लांबून गाडीचा आवाज यायला लागला होता.

"खाली ठिव ती पेटी," नागुबाई म्हणाली. "आन मला सांग, ओढ्याकाठी एलीयाजवळ कोण हुतं गं, कावळ्याबिगर?"

सिंधुनं पेटी खाली ठेवली.

"मला त्याच दिशी कळलं."

"मग... मग बोलला का न्हाईत? गप का बसलात?"

"ऐकल्यावर गपच बसायचं असतंय," नागुबाई म्हणाली. "राग लई आला हुता. जीभ उपटून हातात द्यावी वाटली तुझी. बसले, म्हणून गेला. आता ऐक. मी तुझ्या वाक्यावर न्हाई धाडत तुला. त्याच्या म्होरच्या ओळीवर धाडून राहिले. 'ऊठ, जा' हाय तिथं. तू तितवर वाचलंच न्हाईस, येडे! लातूरला गेलीस की आधी ते वाच." थोडं थांबून ती पुढं बोलली, आणि हे बोलणं तिला जड गेलं. "आन देवाच्या नावानं खोटं तू एकटीच बोलली न्हाईस. प्रार्थनेत ठिवते म्हणले मी दावीदला. ठिवलंच न्हवतं. मला तू पाहिजे हुतीस."

सिंधुनं तिला मिठी मारली. नागुबाईनं तिच्या तळहातावरचे फोड आपल्या बोटांनी चाचपून बघितले, एकेक, सावकाश. दोघी रडल्या, आणि रडण्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

गाडी आली. कंडक्टर घाई करायला लागला. केवळाबाईनं त्याला दोन शब्द सुनवून पेटी वर चढवली. सिंधु चढली आणि दारातच उभी राहिली.

"थांब!" नागुबाई ओरडली. "सिंधे, त्या दिशी तू दोनदाच वाचलंस. तिसऱ्यांदा राहिलंय. म्हण."

"आत्या, ते शास्त्र न्हाई..."

"म्हण म्हणते ना."

सगळी गाडी बघत होती. सिंधुनं दांडी घट्ट धरली आणि रोज सकाळी वाचायची त्याच आवाजात, शब्द न शब्द नीट लावून म्हणाली, "तिला जाऊ दे, म्हणजे ती जगेल."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी लातूरच्या रस्त्याला लागली. धूळ खाली बसेपर्यंत नागुबाई उभी होती. मग चाचपडत ती बाभळीखाली आली, मैलाच्या दगडावर बसली आणि तिनं डोळे मिटले. केवळाबाई जवळ आली. रोजचा प्रश्न तिच्या ओठावर आला होता. तिनं मैत्रिणीच्या तोंडाकडं बघितलं, काही विचारलं नाही, आणि तीही शेजारी गप बसली.